सोळा एल्कांची दुर्बीण

आर्डिस टॉरगर्सन डनबार गावात मांस कापून द्यायची. ऑक्टोबरच्या शेवटापासून पाच आठवडे, रायफलीचा हंगाम संपेपर्यंत, तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडपुढे पिकअप गाड्यांची रांग लागलेली असे. कुणी हरीण आणी, कुणी एल्क. हरणाचं काम तासा-दोन तासांचं, पण एल्क म्हणजे घोड्याएवढं जनावर. ते सोलायचं, हाडांवरून मांस उतरवायचं, स्टेक वेगळे, खिमा वेगळा, मग सगळं पांढऱ्या कागदात गुंडाळून पुड्यांवर मालकाच्या नावाचा शिक्का मारायचा. एवढ्याचे ती दोनशे डॉलर घेई. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. अलीकडे सकाळी उजव्या हाताची तीन बोटं बधिर असत. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती त्यांना जागं करी आणि सुरी उचली.

एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट आपोआप जमायला लागली होती. जनावर टेबलावर आलं की शिकारी जे सांगतोय ते आणि जे खरं घडलं ते, दोन्ही तिला शेजारी शेजारी दिसत. गोळी कुठून शिरली, जनावर लगेच पडलं की मैलभर धावलं, त्याचं पोट वेळेवर उघडलं की रात्रभर तसंच पडून होतं, सगळं त्या मांसात असे. आणि तोंडाची ती फटकळ.

"मानेत मारली म्हणतोस? मग ही मांडी कुणी फोडली, तुझ्या सासूने?"

लोक हसत, ज्याला बोललं तोही हसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच येई.

गेल्या आठ-दहा वर्षांत मात्र तिला हसू येईनासं झालं होतं. पूर्वी विसात एखादं जनावर पोट फुटलेलं यायचं. आता पाचात एक येई. आणि ते आणणाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर, पोराला बसवावं तशी पट्ट्याने बांधलेली रायफल असे, तिच्यावर हातभर लांब काळी दुर्बीण. आर्डिस विचारी, "किती लांबून?" तो छाती काढून सांगे, "सहाशे चाळीस यार्ड!" ती नुसती मान हलवी आणि फुटलेल्या पोटातला मळ लागून हिरवा पडलेला भाग कापून बादलीत टाकी.

या दुर्बिणी विकणारा ड्वेन. हार्डवेअरचं दुकान त्याच्या बापाचं, बंदुकांचा कोपरा त्याने वाढवलेला. एकदा त्याने तिला रस्त्यातच गाठलं.

"आर्डिस, माझ्या गिऱ्हाइकांना तू काय सांगत असतेस?"

"पोटातून निघतं ते."

"दुर्बीण काय गोळी झाडते का गं?"

"नाही. पण बाकी सगळं करायला लावते."

ड्वेन वाईट माणूस नव्हता, पण ते बोलणं त्याच्या मनात राहिलं.

आर्डिसचा नवरा व्हर्लिन. धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं काढून नुकताच निवृत्त झालेला. उंच, किडकिडीत, दिवसाकाठी वीस वाक्यं बोलला तर पुष्कळ. पण डोंगरात त्याच्यासारखा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. वाऱ्याची दिशा बघत, बर्फात पोटावर सरकत तो जनावराच्या इतका जवळ जाई की गोळी झाडणं ही शेवटची, जवळजवळ फालतू गोष्ट उरे. दोनशे यार्डांच्या पुढे त्याने आयुष्यात बंदूक उचलली नव्हती. त्याने आणलेल्या एल्कवर आर्डिसला काही कापून टाकावं लागत नसे. खांद्याच्या मागे एक भोक, बस. लग्नाला होकार देताना तिने काय पाहिलं होतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने ते भोकच सांगितलं असतं.

त्याच्या रायफलीवरची दुर्बीण लग्नाच्या वर्षी घेतलेली होती. तो निवृत्त झाला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिच्या आत वाफ धरली. साठ यार्डांवर उभा असलेला नर त्याला नुसता करड्या डागासारखा दिसला आणि निघून गेला. व्हर्लिन रिकाम्या हाताने घरी आला. त्या हिवाळ्यात फ्रीझरमध्ये दुकानातलं गोमांस होतं आणि तो ताटात काटा फिरवत बसे.

मार्चमध्ये एका संध्याकाळी त्याने तिला ड्वेनच्या दुकानापाशी बोलावून घेतलं. दिवे लागायच्या आधीची वेळ. फुटपाथवर एक पिंप, त्यावर वाळूची पिशवी, आणि पिशवीवर दुर्बीण.

"बघ," व्हर्लिन म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ तर."

तिने डोळा लावला. रस्त्याच्या टोकाला चर्च होतं, ते एव्हाना नुसत्या डोळ्यांना काळं पडलं होतं. काचेतून त्याच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. तिने जरा वर बघितलं. कोठाराच्या शिडीचे बोल्ट दिसले, त्यांवर उतरलेला गंज दिसला, तारेवर बसलेल्या पाखराचा डोळा चमकलेला दिसला. मग तिने व्हर्लिनची जुनी दुर्बीण लावून बघितली, तर सगळ्यावर राख पसरल्यासारखं. काच खरोखर चांगली होती. तिला खोटं बोलता येईना.

"केवढ्याला?"

"बत्तीसशे," ड्वेन दारातून म्हणाला. तिच्या नजरेला नजर न देता.

आर्डिसचा हिशेब एकाच मापाने चाले. सोळा एल्क. सोळा कातडी, सोळा पाठीचे कणे, बोटं बधिर होईपर्यंत. एका काचेसाठी.

घरी जाताना व्हर्लिन गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालवत होता. "तू सांग," तो म्हणाला. "घ्यावी का? तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

एकतीस वर्षांच्या संसारात शिकारीतलं त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं. गावाला ती या दुर्बिणी नकोत म्हणून बेधडक सांगायची. तीच आर्डिस त्या प्रश्नाने आतून विरघळली. आणि त्याचा चेहरा. काचेला डोळा लावताना तो किती तरुण दिसला होता.

"मारणार किती लांबून?"

"पूर्वी मारायचो तेवढ्यावरूनच. मला फक्त कमी उजेडात दिसायला हवंय, आर्डिस."

"तीनशेच्या पुढे नाही."

"तीनशे? एवढ्या लांबून मारायला मी काय कॅलिफोर्नियाचा हौशी शिकारी आहे?"

"शब्द दे."

"दिला."

"मग घे," ती म्हणाली.

पहिला हंगाम सोन्यासारखा गेला. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात, पाइनच्या सावलीत उभा असलेला नर, एकशे सत्तर यार्ड, खांद्यामागे एक भोक. आर्डिसने काळीज कांद्यावर परतलं आणि दोघं बसून जेवली. "पैसे वसूल," ती म्हणाली, आणि तिला तसं खरंच वाटलं होतं. ड्वेन भेटला तेव्हा त्यालाही तिने तेच सांगितलं. त्याने टोपी काढून वाकून नमस्कार केला, तशी ती लाजली.

दुसऱ्या वर्षी व्हर्लिन नेहमीसारखा तीन दिवसांसाठी डोंगरातल्या तळावर गेला. चौथ्या दिवशी दुपारी गाडी आली. मागे एल्कचे चार भाग, आणि वर सहा फाट्यांची भलीमोठी शिंगं.

"आजच पहाटे पडला," तो म्हणाला. "एकशे ऐंशी यार्ड. जागच्या जागी." एवढं बोलून तो हातपाय धुवायला घरात गेला. मांस टेबलावर चढवायला थांबला नाही. तो दरवर्षी थांबायचा.

आर्डिसने मागची मांडी आकड्याला लावली आणि सुरी खुब्याच्या सांध्यात घातली. सुरीबरोबर वास वर आला. हाडाजवळ मांस हिरवट झालं होतं. थंडीच्या दिवसांत पहाटे मारलेलं जनावर दुपारपर्यंत असं होत नाही. पोट फुटलेलं जनावर, आतला मळ आत पसरत, रात्रभर तसंच राहिलं तरच होतं. ती हळूहळू कापत गेली. पोटातला मळ मांडीच्या आतल्या बाजूला लागलेला होता. आणि खुब्याच्या हाडात रुतलेली गोळी सापडली.

व्हर्लिन गोळ्या स्वतः भरायचा. वीस वर्षं तेच काडतूस, तीच बंदुकीची दारू. त्याच्या गोळ्या तिने कितीतरी काढल्या होत्या. दोनशे यार्डांच्या आत त्या फुलासारख्या उमलून येत, पाकळ्या मागे वळलेल्या. ही जवळजवळ होती तशीच होती. टोक जरासं बोथट, एवढंच. वेग मरून गेल्यावर पोचलेली गोळी. पाचशेच्या आतली नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने ती नळाखाली धुतली आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

"किती लांब होता, व्हर्लिन?"

"सांगितलं ना."

"पुन्हा सांग."

त्याने गोळीकडे पाहिलं. मग तो एकदम बोलायला लागला, आणि तिला आठवत होतं त्यापेक्षा एका दमात जास्त बोलला. "दिसत होता गं! दरीच्या पलीकडे, अंधार पडत आलेला, तरी शिंगांची टोकं मोजता येत होती. नाकातून निघणारी वाफ दिसत होती. हात लावावा इतका जवळ. मला चारशे वाटलं. पाचशे साठ निघालं. तेही नंतर, नकाशावर बघितलं तेव्हा कळलं."

"आणि पडला कधी?"

"दुसऱ्या दिवशी सापडला. रक्तावरून माग काढत गेलो. ओढ्यात बसला होता. मान वर होती."

"जिवंत?"

त्याने गोळी मुठीत झाकली.

"जवळ का नाही गेलास? आयुष्यभर गेलास."

"गुडघे चालत नाहीत आता!" तो ओरडला. "तुला काय वाटतं, मला सरकत जायला नको होतं? आणि तूच तर घे म्हणालीस. गावभर नको नको म्हणून सांगत फिरतेस, आणि मला म्हणालीस घे."

हे खरं होतं. ती शेडमध्ये परत गेली आणि संध्याकाळपर्यंत कापत राहिली. एवढ्या जनावराचं मांस दोनशे पौंडांच्या वर भरायला हवं होतं. नव्वद भरलं. बाकीचं बादलीत गेलं.

जेवताना तो शांत झाला होता. "अंतर मोजायचं यंत्र असतं तर असं झालं नसतं," तो म्हणाला. "ड्वेनकडे आलंय एक."

आर्डिसने पाव तोडला आणि खाल्ला.

दहा दिवसांनी कागदाचे रोल आणायला ती ड्वेनच्या दुकानात गेली. बंदुकांच्या कोपऱ्यात भिंतीवर नवा फोटो होता. बर्फात गुडघे टेकून बसलेला व्हर्लिन, हातात ती शिंगं. तो फोटोसाठी हसला होता. खाली ड्वेनच्या अक्षरात: *व्हर्लिन टॉरगर्सन. ५६० यार्ड. एक गोळी.*

तिने ते दोनदा वाचलं. घरात सांगायला एकशे ऐंशी आणि दुकानात सांगायला पाचशे साठ. तिला त्याने जवळून मारल्याचं सांगितलं होतं, कारण तिला तेच आवडलं असतं. इथे लांबून मारल्याचं सांगितलं, कारण इथे ते आवडलं. आणि ओढ्यात मान वर करून रात्रभर बसलेलं जनावर कुठल्याच आकड्यात नव्हतं.

"तुझ्या नवऱ्याने माझ्या चार दुर्बिणी विकून दिल्या, बाई," ड्वेन काउंटरवरून म्हणाला. तो खुशीत होता, टोचून बोलत नव्हता. समोर एक तरुण जोडपं उभं होतं. नवरा त्याच काळ्या दुर्बिणीला डोळा लावून खिडकीबाहेर बघत होता, बायको किमतीची चिठ्ठी उलटसुलट करत होती. "हिला विचारा ना," ड्वेन त्यांना म्हणाला. "हिचाच नवरा तो. शिवाय गावातलं सगळं मांस हिच्याच हाताखालून जातं."

त्या मुलीने आर्डिसकडे पाहिलं. बिचारीला खरंच जाणून घ्यायचं होतं. "एवढे पैसे घालण्यासारखी आहे का हो?"

आर्डिसच्या जिभेवर सगळं होतं. ती बादली, तो वास, ती न उमललेली गोळी. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर भिंतीवरच्या त्या हसऱ्या माणसाकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की व्हर्लिन टॉरगर्सनने पोटात गोळी मारून जनावर ओढ्यात रात्रभर ठेवलं.

"काच चांगली आहे," ती म्हणाली. कागदाचे रोल काखेत मारले आणि बाहेर पडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलेलं असताना तिने पोटातून निघालेलं सांगितलं नव्हतं. गाडीत बसल्यावर किल्ली लावायला तिची बोटं वळेनात, तेव्हा ती तशीच बसून राहिली.

त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात तेच जोडपं तिच्या शेडपुढे आलं. गाडीत एक मादी होती, गोळीने मागचे दोन्ही पाय फुटलेली. नवरा उत्साहाने अंतर सांगत होता. बायको गाडीतून उतरली नाही. आर्डिसने त्याला काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. मांस कापून दिलं आणि पैसे अर्धेच घेतले. का, ते त्याला कळलं नाही.

अंतर मोजायचं ते यंत्र व्हर्लिनने घेतलं. तिला न विचारता.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तो तीन दिवस डोंगरात राहून आला तेव्हा गाडी रिकामी होती. "नाही मिळालं," तो म्हणाला आणि टीव्ही लावून बसला. आर्डिसने विश्वास ठेवला. त्याच्या वयाच्या माणसाला एखादं वर्ष रिकामं जायचंच.

चार दिवसांनी फेअरमाँटहून फोन आला. तिथे ग्रेटा लिंडाल म्हणून तिच्यासारखीच मांस कापणारी एक बाई होती, पंचेचाळीस मैलांवर. दोघींची जुनी ओळख, सुऱ्यांना धार लावणारा माणूसही एकच.

"आर्डिस, व्हर्लिनने आणून टाकलेला तुमचा एल्क कापून झालाय," ग्रेटा म्हणाली. "मला आधी नवल वाटलं, तू असताना माझ्याकडे कशाला. तो म्हणाला, तुझे हात दुखतात. बरी आहेस ना?"

"बरी आहे."

ग्रेटाही तीस वर्षं तेच काम करत होती. काय कापून टाकलं हे तिने सांगितलं नाही, आर्डिसनेही विचारलं नाही.

"पुड्यांवर नाव कुणाचं घालू? दोघांचं की एकट्याचं, म्हणून विचारते."

"त्याचं घाल," आर्डिस म्हणाली. "फक्त त्याचं."