टेपखालचा दिवा

अर्धापूरला माझं पोस्टिंग कुणी काढलं नव्हतं. तरी सोमवारी पहाटे ०५:४० ला मी औशाच्या स्टँडवर उभा होतो. बॅगेत पाने, आठ फूट तांब्याची बारीक नळी आणि तीन काट्याचे मीटर होते. ऑईल प्रेशर, टेंपरेचर, अँपिअर.

बोलावणं रोहिणीचं होतं. रोहिणी म्हणजे माझ्या पलटणीतल्या नाईक माणिक कदमची मुलगी. वय बावीस. आजोबांनी लिलावात घेतलेली जुनी पिकअप तीच चालवते. रोज सकाळी केळी भरून नांदेडला नेते. शुक्रवारी तिचा फोन आला होता.

"काका, ऑईलचा लाल दिवा कधीच लागत न्हाई. म्हंजे गाडी ठणठणीत हाय ना?"

"चावी फिरवल्यावर लागतो का? इंजिन चालू करायच्या आधी?"

"न्हाई."

"किती दिवस झाले?"

"ध्यानात न्हाई. मी तर खूश होते, दिवा लागून न्हाई राहिला म्हणून."

"मी येतो. तोवर गाडी जागची हलवू नको."

गाड्यांचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चावी फिरवली की लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. जो दिवा कधीच लागत नाही, तो सगळं ठीक आहे असं म्हणत नाही. तो मुका असतो. फौजेत ही तपासणी रोज सकाळी करतात. तिला फर्स्ट परेड म्हणतात. मी सोळा वर्षं ड्रायव्हर होतो, म्हणजे हजारो फर्स्ट परेड केल्या असतील. त्यातली एक मला अजून झोपू देत नाही.

साडेदहाला पोचलो. पिकअप केळीच्या बागेच्या कडेला, लिंबाखाली उभी होती. बॉनेटचा रंग उडालेला, पण पत्रा शाबूत. डॅशबोर्डवर फक्त तीन दिवे होते. ऑईलच्या दिव्याचा बल्ब काढला तर आत काळा. कधी गेला कुणास ठाऊक. ऑईल मोजायची डिपस्टिक ओढली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"रोहिणी, अशी गाडी तू नांदेडला नेलीस?"

"रोज." तिचा चेहरा उतरला. "काय झालं असतं, काका?"

मी दुकानातून डबा आणवला. ऑईल भरलं आणि कामाला लागलो.

प्रेशर पडलं की दिवा लावणारं इंजिनवरचं बटण काढून तिथं टी-जोड बसवला. एका तोंडाला पुन्हा बटण, दुसऱ्याला मीटरकडे जाणारी तांब्याची नळी. दिवा काढून टाकायचा नसतो, त्याला साक्षीदार द्यायचा असतो. नळी गरम भागापासून चार बोटं लांब ठेवली. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात रबर घातलं, नाही तर पत्र्यावर घासून नळी फुटते.

माणिकची बायको, सुमन वहिनी, चहा घेऊन आली.

"भाऊजी, दिवे हाईतच की. ह्ये काटे कशापायी?"

"दिवा लागतो तेव्हा ऑईलचं प्रेशर संपलेलं असतं, वहिनी. काटा मात्र उतरताना दिसतो. थांबायला वेळ मिळतो."

वहिनीनं मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"मंग त्यांच्या गाडीत काटे न्हवते का?"

चौदा वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. तिरंग्यात गुंडाळलेल्या माणिकच्या पेटीबरोबर मीच आलो होतो. तेव्हा तिला सांगितलं होतं, गाडी बंद पडली, इलाज नव्हता. त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

मी पाना खाली ठेवला. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आमची पलटण तेव्हा उंचावर होती. मी गाड्यांच्या, एम.टी. प्लाटूनमध्ये. एक टनाची गाडी, डॅशबोर्डवर ऑईलचा फक्त दिवा. माणिक माझा को-ड्रायव्हर. रात्री मी बी.ए.ची पुस्तकं वाचायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं, परीक्षा बाहेरून देत होतो. माणिक मला नावानं हाक मारायचाच नाही. "ए ग्रॅज्युएट, पुस्तक मिट. डोक्याचं रेडिएटर तापंल."

त्या आठवड्यात तीन रात्री काफिला बिनदिव्याचा चालला. हवालदार साहेबांचा हुकूम होता, "केबिन में एक भी बत्ती नहीं दिखनी चाहिए." मी डॅशबोर्डच्या दिव्यांवर काळी टेप लावली. माणिक दातानं तुकडे तोडून देत होता. काम संपल्यावर टेप काढायची असते. मी काढली नाही. पुन्हा लागेलच, असं म्हटलं. चौथ्या दिवशी फर्स्ट परेडला चावी फिरवली. टेपखाली दिवा लागला की नाही ते दिसलं नाही. डायरीत मी 'ओके' लिहून सही केली.

त्याच दिवशी माणिक आजारी पडला. सुट्टीवरून येऊन त्याला आठच दिवस झाले होते, उंचावरची विरळ हवा अंगवळणी पडली नव्हती. आधी खोकला, मग धाप. पलटणीच्या दवाखान्यात, एम.आय. रूममध्ये, डॉक्टर साहेबांनी छाती तपासली. "फुफ्फुसात पाणी आहे. लगेच खाली न्या." ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. हॉस्पिटल ४६ किलोमीटर.

१३:१० ला निघालो. मागे माणिक, नर्सिंग असिस्टंट आणि ऑक्सिजनचं सिलिंडर. मधली खिडकी उघडी होती.

"ग्रॅज्युएट, टाइम काय झाला?"

"दीड. बोलू नको."

१४:०५ ला खालून ठक् असा आवाज आला. दगड. मी आरशात पाहिलं, गाडी नीट पळत होती, दिवा काही दिसत नव्हता. थांबलो नाही. १४:१८ ला इंजिन खडखडलं आणि जाम झालं. खाली वाकून पाहिलं. इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याला भेग पडली होती, सगळं ऑईल मागच्या रस्त्यावर. केबिनमध्ये येऊन टेप ओढली. दिवा लाल होता.

तो ठक् आवाजानंतर थोड्याच वेळात लागला असणार. त्या वेळी थांबलो असतो तर? भेगेत धुण्याचा साबण दाबून बसवतात, वरून ऑईल ओततात, गाडी तासभर निघते. पाच लिटरचा डबा गाडीत होता. साबणाची वडी माणिकच्याच पिशवीत होती.

वायरलेस सेटवर बोललो. "बेस, गाडी ऑफ रोड. पेशंट सोबत. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"किती वेळ काढू शकता? ओव्हर."

नर्सिंग असिस्टंटनं सिलिंडरकडे पाहिलं. "एक तास."

गाडी १६:२५ ला आली.

माणिक अधूनमधून वेळ विचारत होता. मी दर वेळी कमी सांगितली. साडेतीन वाजले होते तेव्हा तीन म्हणालो. तो म्हणाला, "मग हाय अजून टाइम." त्यानंतर त्यानं विचारलं नाही. १५:५० ला तो गेला.

चौकशीत मी टेपचं सांगितलं. माझ्या कागदांवर शिक्षेची लाल शाईची नोंद झाली. ती मला कमी वाटली. पुढे बी.ए. झालो, पेढे मात्र वाटले नाहीत.

लिंबाखाली वहिनीनं हातातलं मीटर खाली ठेवलं. रोहिणी बॉनेटला टेकून उभी होती.

"पल्टनीला सांगितलं," वहिनी म्हणाली. "मला न्हाई."

"न्हाई."

"दर दिवाळीला येता. दर खेपेला जेवून जाता."

"हाव."

ती उठून घरात गेली. मी हत्यारं गोळा करू लागलो. वाटलं, आता निघावं, पुन्हा या दारात यायला तोंड नाही. रोहिणीनं माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"काम अर्धं हाय, काका."

संध्याकाळी सहापर्यंत तिन्ही मीटर बसले, दिव्याला नवा बल्ब लागला. वहिनी मधे एकदाही बाहेर आली नाही. जेवायला ताट मात्र ओसरीवर आलं. वाढताना ती एवढंच बोलली.

"सकाळी केळी न्यायची हाईत. पोरीसंगं तुम्ही बसा. नांदेडपस्तोर."

मंगळवारी ०६:१५ ला पिकअप भरून उभी होती. मी आदल्या संध्याकाळी दुकानातून मागवलेली नवी डायरी रोहिणीनं मांडीवर घेतली होती. वहिनी खिडकीशी येऊन थांबली. तिची नजर डॅशबोर्डवर होती.

"कर फर्स्ट परेड," मी म्हणालो.

रोहिणीनं चावी फिरवली. नवा बल्ब लाल झाला. तिनं इंजिन चालू केलं. दिवा विझला. ऑईलचा काटा थरथरला, क्षणभर अडकल्यासारखा झाला आणि चढत गेला.

"चाळीस," वहिनी बाहेरूनच म्हणाली. मग पदर सावरून बाजूला झाली. "जा आता. उन्हं व्हायच्या आत."

नांदेडपर्यंत मी रस्ता पाहिला नाही, काटा पाहिला. एका खड्ड्यात खालून ठक् झालं. मी काही बोलायच्या आत रोहिणीनं गाडी बाजूला घेतली, उतरून खाली वाकली, हात फिरवून आली. "कोरडं हाय." काटा चाळीसवरच होता.

त्या डायरीत पहिल्या दिवशी मी 'ओके' लिहू दिलं नाही. तिनं आकडा लिहिला. चाळीस. सही करताना ती आपलं पूर्ण नाव लिहिते. रोहिणी माणिक कदम. आता महिन्यातून एकदा मी डायरी तपासायला अर्धापूरला जातो. प्रत्येक ओळ वाचतो. आधी आकडा, मग मधलं नाव.