खांब कुणाच्या चालीनं लावायचे?

मी बीडला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. डिझाईनच्या तासाला सर छोटा स्पीकर घेऊन आले. पेन्सिली बाजूला ठेवायला लावल्या आणि विलंबित ख्याल लावला. आमच्या तलवाड्यात भजनं कानावर पडायची, पण असं बसून गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. ख्याल संपला तसे सर म्हणाले, "आता असं वाचनालय करा."

"असं म्हंजे कसं गं?" शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं. तिच्या अब्बांचं फळांचं दुकान होतं. तिला गोलगोल बोलणं चालायचं नाही.

मी कागदावर लाटांसारखं छप्पर काढून नेलं.

"हे गाण्याचं चित्र झालं," सर म्हणाले. "यात माणूस शिरतो कुठून?"

मग मी खांबांची ओळ काढली, आधी दाट, पुढं विरळ.

"आता नुसता ठेका राहिला. गाणं गेलं."

मी रडकुंडीला आले. मैत्रीण म्हणाली, "डोकं कशाला पिकवती? सरांनाच इचार की."

विचारायच्या आधीच सर आम्हाला धर्मापुरीच्या जुन्या देवळात घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, खांबांमधून चालायचं, प्रत्येक पावलाला टाळी. मैत्रीण उंच, तिची टाळी बरोबर खांबापाशी पडायची. माझी कधी अलीकडं, कधी पलीकडं. दोनदा मागं जाऊन पाहिलं, तरी तेच.

"सर, मग खांब कुणाच्या चालीनं लावायचे?"

"खरं सांगू का, मलाही अजून कळलेलं नाही," सर म्हणाले आणि चप्पल घालायला बाहेर गेले.

मला वाटलं, हे चिडले. पण चिडले नव्हते. परतीच्या गाडीत ते स्वतःच खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत काहीतरी मोजत बसले होते.

शेवटी मॉडेलमध्ये मी माझ्या पावलांनी खांब लावले, पाऊल कधी लांब पडायचं, कधी आखूड, तसे. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "अंतर सारखं का नाही?"

"चालताना असंच बरं वाटलं, मॅडम."

त्या पुढच्या मॉडेलकडं वळल्या. मी पास झाले, एवढंच. मैत्रिणीला सरळ, सारख्या खांबांना चांगले मार्क पडले.

"तुला ते गाणं कळालं होतं का?" मी तिला विचारलं.

"मला तर झोप आलती," ती म्हणाली.