रिकामा रॉड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी थोरल्या वहिनींचं नाव घेईन. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी नववीत होतो आणि दादा मला शाळेतून काढून शेतात घेणार होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजींच्या वाटचं काम मी करते." आणि त्यांनी ते केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यामुळे.

सुट्टीत घरी आलो की सोयाबीनची पोती आम्ही दोघं हलवायचो. भरलेलं पोतं आमच्याकडे कुणी एकट्यानं पाठीवर घेत नाही. दुसरा खालून हात लावतो, मग पहिला उठतो. हात लावता लावता वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, कॉलेजात नुस्तं बसून राह्यले का?"

आता मी परतूरला नोकरी करतो आणि खोलीवर एकटा राहतो. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. नुसतं चालून भागणार नाही. वजनं उचला, अंगातली ताकद वाढवा. हळूहळू, पण सोडू नका." वडिलांचा पाय साखरेनंच गेला होता. दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये नाव घातलं.

पोती उचललेला माणूस मी. रिकाम्या रॉडनं सुरुवात करायची लाज वाटली. दोन्ही बाजूंना मोठ्या प्लेटा चढवून बाकावर आडवा झालो. रॉड छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. सवयीनं तोंडातून निघालं, "हात लावा." शेजारच्या पोरांच्या कानांत गाणी चालू होती. शेवटी रॉड तिरका केला, तेव्हा खांदा लचकला, प्लेटा धाडकन खाली गेल्या आणि सगळे वळून बघू लागले.

"काका, अंगावर घेऊन झोपायला आल्ते का?" एक जण म्हणाला.

शिकवणारा मुलगा हसला नाही. मी त्याला पोत्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, पोतं एकदा टाकलं की काम संपलं. हे परवा परत उचलायचंय. परवा यावंसं वाटंल तेवढंच आज उचला."

खांदा बरा झाल्यावर रिकाम्या रॉडनं सुरुवात केली. मग लहान प्लेटा आल्या. मी संध्याकाळची वेळ घेतली, कारण तेव्हा शेजारच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या होतात आणि खोलीत बसवत नाही. हळूहळू दंडाला शर्ट घट्ट होऊ लागला. ते मलाच आरशात दिसायचं.

मग एकदा सर्दीचं निमित्त झालं आणि जाणं सुटलं. सर्दी गेली तरी मी गेलो नाही. कुणी विचारलं नाही. वडिलांचा पाय डोळ्यांसमोर यायचा, तरी कॉटवरून उठावंसं वाटत नव्हतं. मी हे कायमचं सोडलं तरी या गावात कुणाला कळणार नाही, हे त्या आठवड्यात मला नीट कळलं.

कसाबसा परत गेलो. रात्री हे वहिनींना सांगावंसं वाटलं, पण घरचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि सगळे ऐकतात. म्हणून पत्र लिहून पोस्टात टाकलं.

"वहिनी,

मी इथं वजनं उचलायला जातो. तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नव्हतं. साखर काठावर आहे, गोळी अजून नाही. दादांना इतक्यात सांगू नका, ते रात्रभर जागतील.

मधे आठवडाभर गेलो नाही. आजारी नव्हतो, नुसता बसून होतो. आज गेलो. वजन कमी करून घ्यावं लागलं, पण उचललं.

उचलणं अवघड नाही वहिनी. परत आल्यावर कुलूप उघडायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही, ते अवघड आहे. म्हणून एक मागतो. फोनवर 'जेवले का' विचारायच्या आधी 'गेल्ते का' एवढं विचारत जा. न्हाई गेलो, तर न्हाई म्हणून सांगीन.

तुमचा धाकटा दीर"