किल्ली मीच दिली होती

माझ्या भाच्याचं गाणं बाहेर पहिल्यांदा ऐकलं ते रिक्षात. जुळे सोलापूरहून स्टेशनला निघालो होतो. रिक्षावाला हँडलवर बोटांनी ताल धरत म्हणाला, "आपल्या सोलापूरचं पोरगं हाय, लई पुढं गेलंय. ऐकलंय का तुमी?" मी नुसता "हो का" म्हणालो. दुसऱ्या कुठल्याही मामानं छाती फुगवून सांगितलं असतं. मला सांगवलं नाही. का, तेच आता लिहितो आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या फोल्डिंग खात्यात मी सुपरवायझर आहे. मागावरून उतरलेला, शिवून झालेला माल तपासायचा, घडी घालायची, थप्पी लावायची आणि प्रत्येक थप्पीवर लॉटची चिठ्ठी टाचायची, हे आमचं काम. चांगला माल वेगळा, सेकंड वेगळा. सेकंड म्हणजे कुठे तरी धागा ओढला गेलेला किंवा काठ तिरका गेलेला टॉवेल. पांढरा माल असला की लांबून दोन्ही थप्प्या सारख्याच दिसतात. चिठ्ठी पाहायची आणि माल उचलायचा. हमाल टॉवेल उघडून बघत नाही.

माझी धाकटी बहीण त्याच कारखान्यात शिलाई खात्यात होती. टॉवेलचे काठ दुमडून शिवायची. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा. त्या मुलानं आयटीआय अर्धवट सोडलं आणि मोबाईलवर रॅप करायला लागला. घरात मराठी, आजोळी कानडी, गल्लीत दखनी उर्दू. तिन्ही एका दमात बोलायचा आणि ते तालात बसायचं. स्वतःचं चॅनेल काढलं होतं. बघणारे म्हणजे गल्लीतली मुलं आणि मी. मी प्रत्येक व्हिडिओ बघत असे, हे खरं आहे.

त्याची एकच तक्रार असायची, आवाजाची. घराला पत्रा, शेजारी टीव्ही, समोर गॅरेज. एकदा तो मला डबा द्यायला कारखान्यात आला आणि गोडाऊनमध्ये बोलता बोलता थांबला. एक टाळी वाजवली. परत वाजवली. म्हणाला, "मामा, हितं आवाज घुमतच न्हाय. टॉवेल पिऊन टाकतोय सगळा."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"एक दुपार द्या की. माग बंद असतील त्या दिवशी. पुण्यात असल्या खोलीचं तासावर भाडं घेतात."

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी मी त्याला किल्ली दिली. कुणाला विचारलं नाही. माझ्या हातात तेवढं तरी आहे, हे भाच्याला दाखवायचं होतं, असं आता वाटतं.

त्यानं थप्प्या सरकवून चारी बाजूंनी भिंती केल्या आणि मधे मोबाईल ठेवून बसला. वरच्या जाळीतून वारा यायचा आणि थप्प्यांवरच्या चिठ्ठ्या फडफडायच्या. ती फडफड रेकॉर्डिंगमध्ये येत होती. म्हणून त्यानं सगळ्या चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. काम झाल्यावर थप्प्या जागेवर नेल्या, चिठ्ठ्या आठवतील तशा परत टाचल्या आणि किल्ली मला आणून दिली. दुसऱ्या दिवशी मी थप्प्या मोजल्या, भरल्या. वरचा एक टॉवेल उघडून बघणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही.

केरळातल्या एका हॉटेलवाल्याला चांगल्याच्या चिठ्ठीखाली सेकंड माल गेला आणि सगळा लॉट परत आला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी सुट्टीच्या दिवशी भाच्याला गोडाऊनमधून निघताना पाहिलं होतं. शेठनी एवढंच विचारलं, "किल्ली त्याच्याकडे गेली कशी?"

त्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांना मी मोठ्या तोंडानं सुपरवायझर म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, "बहिणीकडं जेवायला गेलो होतो. किल्ली पिशवीत होती. तिनं काढली असणार."

बहिणीला मुनीमजींनी दारातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण तिनं विचारलं नाही. मुलानं माल बिघडवला म्हणून आपल्याला काढलं, असं तिनं धरलं. मला म्हणाली, "पोरगं आपलंच की, अण्णा. शेठ तरी काय करणार. तुझं काम ऱ्हायलं, लई झालं." भाचा शेठना भेटून सगळं सांगायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. "तू गेलास तर माझंही जाईल," म्हणालो. तो खाली मान घालून परत फिरला.

नंतर वर्षभर मी बहिणीच्या घरी ज्वारी, तेल, भाजी पोचवत राहिलो. तिनं घरी साडीला फॉल-पिको करायला सुरुवात केली. भाच्यानं दोनदा रॅप सोडला. एकदा चॅनेलसुद्धा बंद केलं. मी त्याला परत सुरू कर म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या गाण्यानं आईचं काम खाल्लंय, मामा. आता कुणासाठी म्हणू?" तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याला चहा प्यायला घेऊन गेलो.

गोडाऊनमधलं ते गाणं त्यानं शेवटी टाकलंच. पहिले काही महिने काही झालं नाही. मग कुणीतरी त्याचा एक तुकडा उचलला आणि त्यावर नाचून रील केली. मग गावोगावची पोरं त्यावर रील करायला लागली. गाणी ऐकण्याच्या ॲपवर ते वर चढत गेलं. पुण्याहून फोन आले, मुंबईहून आले. टीव्हीवरच्या स्पर्धेत तो शेवटच्या चारांत गेला. मग एका सिनेमात त्याचं गाणं आलं आणि आमच्या शिलाई खात्यातल्या बायका मशीनवर बसून ते गुणगुणायला लागल्या. किल्ली चोरली असं कानावर आल्यावर आपण ज्या बाईशी बोलणं टाकलं तिचाच हा मुलगा, हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे बघितलं की त्या गप्प होत.

टीव्हीवर मुलाखतीत त्याला विचारलं, पहिलं गाणं कुठे रेकॉर्ड केलं? त्यानं टॉवेलचं सगळं सांगितलं. "मामांमुळं मी आज हितं हाय," म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, "पण माझ्या चुकीनं आईचं काम गेलं. ते काय अजून फिटलं न्हाय." माझ्या बायकोनं माझा हात धरला. तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

या वर्षी गल्लीतल्या मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. भाच्याचा मला फोन आला. "मामा, रविवारी शाल मी घेणार न्हाय. तुमी घ्यायची. मी सांगितलंय तसं."

शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी बहिणीच्या घरी गेलो. ती मशीनवर बसली होती. भाचा आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. खांद्यावर टॉवेल टाकून दात घासत उभा होता. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. शेठनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, शब्दाला शब्द.

बहिणीनं मशीन थांबवलं नाही. फॉलचा धागा संपेपर्यंत शिवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी चोर."

"तसं म्हणालो नव्हतो."

"काढली असणार म्हणालास की. अजून काय म्हणायचं ऱ्हातंय? आन् त्या बायका मंडईत मला बघून वळून जायच्या. मला वाटायचं शेठला भिऊन." तिनं सुई वर केली. "तू आणलेल्या ज्वारीच्या भाकरी खात हुते मी, अण्णा. माझा भाऊ लई चांगला म्हणून सगळ्यांला सांगत हुते."

आमच्या आईला कुठल्याही भांडणात 'होगली बिडू' म्हणायची सवय होती. कानडीत, जाऊ दे, सोड. बहिणीलाही तीच सवय. मी त्या शब्दांची वाट बघत उभा राहिलो. ती ते म्हणाली नाही.

भाचा तोंड धुऊन आला. आवाज चढवला नाही. "दोनदा सोडला मी रॅप. तुमाला ठावं हुतं. समोर बसून चहा पाजलाव मला."

"रविवारी स्टेजवर सांगतो सगळ्यांसमोर," मी म्हणालो.

"स्टेजवर नको. तितं लोक टाळ्या वाजवतील. माणूस किती मोठ्या मनाचा म्हणतील." तो थेट माझ्याकडे बघत होता. "जितं बोललाव तितं जाऊन बोला. शेठला सांगा. आन् शिलाईच्या बायकांला."

मी गेलो. केबिनमध्ये शेठ आणि त्यांचा मुलगा दोघेही होते. मी सांगितलं. शेठनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तेव्हाच खरं बोलला असतात तर रागावलो असतो. काढलं नसतं." मग बाहेर बघत म्हणाले, "त्या बाईचा हात चांगला होता. काठ कधी तिरका गेला नाही." मला काढलं नाही. काढलं असतं तर हलकं वाटलं असतं, हेही इथे लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत शिलाई खात्यात गेलो. बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बोलणं शेठपेक्षा अवघड गेलं. माझं बोलून संपलं. मग त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "अण्णा, तुमी लई वाईट केलाव. आन् आमी काय कमी केलो?" तिनं हात धुतले आणि तिथेच बहिणीला फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"अगं, मी बोलतीय. तुझा भाऊ हितं उभारलाय. सगळं सांगितला."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"रडतोय का?" बहिणीनं विचारलं.

"न्हाय. पांढरा पडलाय नुसता."

"पडू दे. तुमी जेवलाव का?" मग त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. सासू, सुना, गुडघे, पिकोचे दर. सगळ्या बायका आळीपाळीनं फोन घेत होत्या. कुणीतरी हसलं. मी दाराशी उभा होतो. फोन ठेवण्याआधी बहीण म्हणाली, "त्याला म्हणावं, रविवारी दुपारीच ये. खुर्च्या लावायला माणसं कमी हायत."

रविवारी मी दुपारीच गेलो. शाल बहिणीसाठी ठरली होती. भाचा माईक तपासत होता. माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी खुर्च्या पुसून रांगा लावत होतो. तो स्टेजवरूनच म्हणाला, "मामा, पहिल्या दोन रांगा सोडा. शिलाईच्या बायका येणार हायत, टेम्पो करून."

मी दोन्ही रांगांच्या कडेला दोरी बांधली, आणि कुणी बसायला आलं की हात आडवा करून म्हणत राहिलो, इथे नको, माझ्या बहिणीची माणसं आहेत.