नानांना विचारल्याशिवाय

काच कापणारे बाजारपेठेत दोघे होते, पण कापताना प्रवचन देणारे नाना एकटेच. काचेवर हिरकणी फिरवायच्या आधी ते समोरच्याला आपलं शास्त्र ऐकवायचेच, मग तो गिऱ्हाईक असो की चुकून आत शिरलेलं मांजर. "चौकटीपेक्षा काच सूतभर कमी कापायची. घट्ट बसवाल तर उन्हात फुगेल आणि तडकेल. तिला जरा हलायला जागा लागते." म्हणून सगळा बाजार त्यांना पाठीमागे 'सूतभर' म्हणायचा. समोर अर्थातच 'नाना'. धारदार काच हातात असलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, एवढं शहाणपण बाजाराकडे होतं.

उभं राहून राहून नानांचा खुबा झिजला. डॉक्टर म्हणाले, "नवा बसवू. पण नंतर काही महिने दुकानाचं नाव काढायचं नाही." नानांना शस्त्रक्रियेची भीती वाटली नाही, दुकानाची वाटली. दुकान बंद राहिलं तर समोरचा काचवाला गिऱ्हाइकं गिळायला टपलेला. चालू ठेवायचं तर चेकवर सही कोण करणार, माल कोण उतरवून घेणार?

बायकोने आधीच हात झटकले. "अहो, मला त्यात ओढू नका. घरात तुमच्या सूचना ऐकते तेवढ्या पुरे."

उरल्या वहिनी. थोरले भाऊ गेल्यावर घरात बसून भिंती किती मोजायच्या, म्हणून त्या दुकानात येऊ लागल्या होत्या. गल्ला सांभाळता सांभाळता काचही कापायला शिकल्या. हात इतका सफाईदार, की नाना त्याबद्दल कधी बोलायचेच नाहीत.

वकीलबाईंचं ऑफिस वरच्या मजल्यावर. दुखरा खुबा घेऊन नाना चढले, मागून वहिनी.

"मुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार," वकीलबाईंनी समजावलं. "मालक तुम्हीच. दुकान विकता येणार नाही, त्यावर कर्ज काढता येणार नाही, हे मी घालतेच. पटलं नाही तर रद्द करा. मग भीती कसली?"

"भीती कोण म्हणतंय? काळजी आहे," म्हणत नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "एवढ्या अटी तेवढ्या घाला."

वकीलबाई मोठ्याने वाचू लागल्या. "माल उतरवून घ्यावा, पण नानांना विचारल्याशिवाय नाही. चेकवर सही करावी, पण नानांना विचारल्याशिवाय नाही. पुट्टीचा नवा डबा नानांना विचारल्याशिवाय फोडू नये. शिडी कोणालाही देऊ नये..." त्यांनी चष्मा काढला. "नाना, याला मुखत्यारपत्र म्हणत नाहीत. याला सासू म्हणतात."

"असू दे," नाना म्हणाले. "घाला."

वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. निमूट सही केली. तिथेच नानांनी सावध व्हायला हवं होतं. वहिनी गप्प बसल्या की घरातली घड्याळंसुद्धा बिचकतात.

नाना तपासण्यांसाठी दवाखान्यात दाखल झाले आणि फोन सुरू झाले. "भावोजी, पुट्टीचा डबा फोडू का?" थोड्या वेळाने, "भावोजी, पेंटर शिडी मागतोय. नाही म्हटलं, बरोबर ना?" नाना खूश. बायकोला म्हणाले, "बघ, कशा विचारून करतात!" बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर समजून चुकला असता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नेमका आरशांचा ट्रक आला. पेठेतला शिंपी नवं दुकान थाटत होता, त्याला पुरुषभर उंचीचे आरसे हवे होते. नानांना अशी ऑर्डर कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. ड्रायव्हरने सहीसाठी कागद पुढे केला, तशी वहिनींनी दवाखान्यात जावेला फोन लावला.

"माल आलाय. उतरवून घेऊ का, विचार भावोजींना."

"वहिनी, ते आत आहेत. बेशुद्ध."

"असू दे. शुद्धीवर आले की विचार."

ड्रायव्हरने चहा घेतला, दुसरा घेतला, मग आरसे घेऊन निघून गेला.

नानांनी डोळे उघडले ते थेट विचारत, "माल उतरला?"

"नाही," खाटेशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचं राहिलं होतं. शिंपी दोन दिवस थांबतो म्हणालाय. नाहीतर समोर जाणार."

"अहो, जरा अक्कल वापरायची!"

"मी पाहिलं कागदात. अक्कल वापरायचं कलम नव्हतं, भावोजी."

बायकोला अचानक खोकला आला.

"चौकट छान होती," वहिनी हळूच म्हणाल्या. "काच घट्ट बसवलीत. सूतभर तरी सोडायचं."

एवढ्या वर्षांत नानांना त्यांचंच शास्त्र कोणी ऐकवलं नव्हतं. मांजरानेसुद्धा नाही. ते म्हणाले, "वकीलबाईंना बोलवा."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई नवा कागद घेऊन आल्या. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि त्याचा भाऊ साक्षीदार झाले. त्यांच्यादेखत वकीलबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "नाना, पूर्ण शुद्धीत आहात ना?"

"कालच आलोय," नाना म्हणाले.

विकणं नाही, कर्ज नाही. बाकी सगळं वहिनींच्या मताने. नाना सही करणार एवढ्यात वहिनींनीच अडवलं.

"एक अट राहू दे. शिडीची. ती बरोबर होती. पेंटर नेतो आणि आणून देत नाही."

संध्याकाळच्या आत वहिनींनी ट्रकवाल्याला गाठलं, आणि शिंप्याची मुदत संपायच्या आत आरसे त्याच्या भिंतीवर चढले. समोरचा काचवाला दारात उभा राहून बघत होता म्हणतात. निदान वहिनी तरी तसं म्हणतात.

काही महिन्यांनी नाना काठी टेकत दुकानात आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. टेबलाशी वहिनी खिडकीची काच मापत होत्या. नानांनी सवयीने तोंड उघडलं. वहिनींनी तोवर रेघ ओढली होती, सूतभर कमी. नानांनी तोंड मिटलं.

तेवढ्यात पेंटरने दारातून डोकं आत घातलं. नानांना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"नाना! बरं झालं आलात. जरा शिडी..."

नानांनी काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"वहिनींना विचारा," ते म्हणाले.