‘मग’वरचा आलाप

बंगळुरात राहून संगीत नाटकं लिहायला शिकवते म्हटलं, की लोक आधी हसतात आणि नंतर विचारतात, “असं काही असतं अजून?” असतं! रविवारी सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर माझा वर्ग भरतो आणि आठवडाभर संगणकापुढे मान मोडणारी मुलं तिथे नाटकातली पदं लिहितात. त्यांना मी एकच गोष्ट घसा फोडून सांगते: ओळीचा शेवट उघडा ठेवा. ‘आ’वर, ‘ई’वर गाणाऱ्याला ऐसपैस बसता येतं. ‘क्’ नाहीतर ‘ग्’वर ओळ संपवलीत, की त्याचं बोट दारात अडकलंच म्हणून समजा.

बेळ्ळंदूरच्या एका कंपनीतली नागपूरची मुलगी यंदा वर्गात आली. आल्या आल्या तिने जाहीर केलं, “काकू, एक नाटक लिहून पाहते. पडलं तर लिहिणं बंद. तसं मी आईला सांगून ठेवलं आहे.” मला धसकाच बसला, कारण पोरगी झकास लिहीत होती. वाईट लिहिणारे कधीच सोडून जात नाहीत हो!

तिच्या नाटकात एक लाजरा मुलगा मुलीच्या फ्लॅटवर येतो आणि काही केल्या मनातलं बोलत नाही. वैतागून ती गाते, ‘आलास, बसलास, चहा प्यायलास... मग?’

“शेवट बंद आहे,” मी म्हटलं. “‘पुढे’ कर.”

“‘पुढे’ म्हटलं की बसचा कंडक्टर वाटते ना, काकू!”

‘मग’ राहिला.

तालमीत गाणाऱ्या मुलीला सूर लांबवायला काहीतरी हवंच होतं. तिने सरळ ‘मगाऽऽऽ’ केलं आणि वर एक भरघोस तान ठोकून दिली. पेटीवर आमचे अण्णा होते. ते इथलेच, कन्नड. भजनी मंडळांना साथ करता करता मराठी शिकलेले. त्यांनी पेटी थांबवली.

“अक्का, स्वल्प थांबा. ही त्याला ‘मगा’ का म्हणते? मगा म्हणजे मुलगा!”

आणि इथली पोरं तर आपण ‘भावा’ म्हणावं तसं एकमेकांना ‘मगा’ म्हणतात. म्हणजे आमची नायिका ऐन प्रेमात येऊन प्रियकराला एकतर बाळा म्हणत होती, नाहीतर भावा! सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. मी तर खुर्चीवरून घसरले.

मग मला नागपूरच्या पोरीचा चेहरा दिसला. डोळे भरलेले. “पडलं ना, काकू?”

मला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि तो मी तिच्यावरच काढला. “पडलं बिडलं काही नाही. शब्द बदल आणि मोकळी हो!”

ती चहाला बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा नाक लाल होतं, पण मान ताठ.

“काही बदलत नाही मी. मधे एक भिंत घालते.”

भिंतीपलीकडे तिने एक कन्नड तरुण राहायला आणला. ‘मगाऽऽऽ’ ऐकलं की त्याला वाटायचं, कुणी मित्रच हाक मारतोय, आणि तो पलीकडून ओ द्यायचा. हा आवाज अण्णांनी पेटी वाजवता वाजवताच द्यायचा होता. “सरी, सरी,” म्हणत ते तिथल्या तिथे तयार झाले.

प्रयोगाला निम्मा हॉल मराठी होता आणि निम्मे त्यांचे कन्नड शेजारी. मी विंगेत, पडद्याची कड धरून. नायिकेने ‘मगाऽऽऽ’ लावला, आणि पेटीमागून अण्णा गरजले, “एन् मगा?” काय रे भावा!

हॉल फुटला. एकाच विनोदावर दोन्ही भाषा एकदम हसताना मी पहिल्यांदा ऐकल्या. पद संपलं, आणि मागच्या रांगेतून आरोळी आली, “वन्समोअर!” मग चहूकडून. या गावात ती आरोळी ऐकण्यासाठी मी किती वर्षं कान लावून बसले होते! मला रडू आलं, हसू आलं, आणि आधी लिहिणारीला मिठी मारायची म्हणून मी तिला शोधू लागले.

ती पडद्याआड उकिडवी बसून पेनाने तळहातावर काहीतरी खरडत होती.

“अगं, ऐकलंस का? वन्समोअर! तेच पद परत गायचं असतं!”

“तेच काहून?” तिने वर पाहिलंसुद्धा नाही. “थांबा ना काकू, लिहून राहिली मी!”