हिराओका-सानचं नाव

व्हिडिओ गेम चालू असला की सगळे पडद्याकडे बघतात. हिराओका-सान खेळणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचे. शिकागोजवळच्या आमच्या ऑफिसशेजारी पिझ्झाचं एक दुकान होतं, तिथे आमच्या कंपनीची मशिनं ठेवलेली असत. टाय लावून कोपऱ्यात उभा असलेला हा बारीकसा जपानी माणूस, कुणी हरलं की त्याला चक्क वाकून नमस्कार करायचा. शेजारी उभ्या असलेल्या मला मेलीला लाज वाटायची.

"मशीनवर चिडला तर चूक माझी," ते सांगायचे. "स्वतःवर चिडला तर गेम बरा झालाय."

मी नागपूरची, इकडे एमएस करून नुकतीच नोकरीला लागलेली. त्यांचे प्रोग्रॅम तपासणं हे माझं काम. ओसाकाच्या हेड ऑफिसने त्यांना एकट्यालाच धाडलं होतं. बायको आणि मुलगी युमी तिकडेच. त्यांच्यात तशीच पद्धत. मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी त्यांच्यापुढे सरकवायचे आणि ते ती निमूटपणे संपवायचे. आवडायची की नाही, देव जाणे.

त्यांचे गेम कुठे कुठे खेळले जात, पण एकावरही त्यांचं नाव नव्हतं. दुसरी कंपनी माणूस पळवेल म्हणून करणाऱ्यांची नावं लपवायची, हा तिकडचा रिवाज. हे माझ्या बाबांनी केलंय असं युमीने सांगितलं की वर्गातली मुलं हसायची. हळूहळू तिने सांगणंच सोडलं. हे बोलताना हिराओका-सानचा चेहरा असा काही व्हायचा की मला बघवत नसे. म्हणून त्यांचा नवा गेम इथे तयार होऊ लागला तेव्हा मीच आमच्या अमेरिकन मॅनेजरच्या मागे लागले. तो म्हणाला, टाका की नाव, त्यात काय एवढं. हिराओका-साननी टाकलंही, पण कुठे, तर अगदी शेवटी. सगळे टप्पे पार करणाऱ्यालाच ते दिसणार.

त्या उन्हाळ्यात युमी सुटीला आली. तेरा-चौदा वर्षांची, अबोल. रोज संध्याकाळी काम संपलं की बापलेक पिझ्झाच्या दुकानात. शेवटी काय आहे ते तिला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. पोरगी भराभर पुढे गेली आणि शेवटच्या टप्प्यावर अडकली ती अडकलीच. रोज तिथेच हरायची. सुटी संपत आली तसा माझाच धीर सुटला. मशीनच्या आत तपासणीसाठी एक बटण असायचं, ते दाबलं की थेट शेवट दिसे. म्हटलं, मी दाबते, दाखवून टाकू या तिला.

"नको," ते म्हणाले. "तिचं तिला दिसू दे."

काय म्हणावं या हट्टाला! मी रागाने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. युमी नाव न बघताच परत गेली. पुढे हेड ऑफिसला पत्ता लागला, सगळ्या मशिनांतली चिप बदलून नाव काढून टाकलं गेलं, आणि हिराओका-साननाही परत बोलावून गोदामाच्या कामावर बसवलं. एवढा गुणी माणूस खोकी मोजत बसला. पुन्हा एकही गेम त्यांनी केला नाही, याची हळहळ मला कायमची लागून राहिली.

काही वर्षांनी ते गेल्याचं ऑफिसात कळलं. मी ओसाकाला फोन लावला. युमी आता कॉलेजात होती, इंग्रजी बरं बोलत होती. दोन शब्द सांत्वनाचे झाले आणि मग मला राहवेना. सांगून टाकलं तिला, त्या गेमच्या शेवटी तुझ्या बाबांचं नाव होतं गं, तुला ते दिसावं म्हणून तळमळत होते ते.

ती म्हणाली, "मला तो टप्पा जमत होता. मी मुद्दाम हरायचे. हरले की बाबा माझा हात हातात घेऊन शिकवायचे. गेम संपला असता, तर दुसऱ्या दिवशी मला परत कशाला घेऊन गेले असते ते?"